कूपर ब्लॅक: गुबगुबीत अक्षरांचा स्वभाव आणि मराठी पाटीवर त्याला जोड

तिसरी पिढी (धागाकर्ता)

नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची बेकरी आहे. आजोबांनी ती सुरू केली, वडिलांनी वाढवली आणि गेली आठ वर्षे मी पाहतो आहे. १९७८ साली वडिलांनी पुण्याहून लेट्रासेटचे एक पान आणले आणि त्यावरची अक्षरे घासून कागदावर उतरवून बेकरीचे इंग्रजी नाव तयार करून घेतले. तेव्हापासून ब्रेडच्या पिशव्या, केकची खोकी, बिलबुके या सगळ्यांवर तीच अक्षरे आहेत. ती जाड आहेत, त्यांना कुठेही टोक नाही आणि पाहताना असे वाटते की ती भट्टीत घालून फुगवून काढली असावीत. या टंकाला, म्हणजे छापील अक्षरांच्या या वळणाला, कूपर ब्लॅक म्हणतात हे मला गेल्या आठवड्यात कळले.

आता दुकानाची पाटी नवी करायची आहे. जुनी गंजली आहे. शिवाय २०२२ मधल्या कायद्याच्या दुरुस्तीनुसार देवनागरीतले मराठी नाव पाटीवर आधी असले पाहिजे आणि त्याची अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. जुन्या पाटीवर इंग्रजी नाव मोठे असून मराठी नाव कोपऱ्यात चोरासारखे उभे आहे. त्यामुळे हे काम टाळण्यासारखे नाही आणि खरे सांगायचे तर टाळावे असे मला वाटतही नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. पाटी करून देणाऱ्या एका माणसाने "ही अक्षरे जुनाट दिसतात, बदलून टाका" असे सुचवले. या टंकाचा मूळ स्वभाव काय आहे आणि तो बेकरीला शोभतो की नाही, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. दुसरे म्हणजे, त्याच्या शेजारी उभे राहील असे मराठी अक्षर कुठून आणावे? नाव इथे देत नाही. त्यात ‘न्न’, ‘पू’ आणि ‘र्णा’ ही तिन्ही संकटे ओळीने आहेत, एवढेच सांगतो.

अक्षरशत्रू

नाव गुप्त ठेवण्याचा आपला प्रयत्न स्तुत्य आहे. पत्ताही अशाच पद्धतीने गुप्त ठेवून कळवावा, म्हणजे खारी घ्यायला येता येईल.

मेधा क.

पहिल्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण या टंकावर माझा जुना जीव आहे.

ऑस्वल्ड ब्रूस कूपर हा १८७९ साली ओहायोत जन्मलेला माणूस चित्रकार व्हायचे म्हणून शिकागोला आला. तिथल्या फ्रँक होम यांच्या शाळेत त्याला उमगले की आपला हात चित्रांपेक्षा अक्षरांवर अधिक चालतो. त्याच शाळेत फ्रेडरिक गाउडी अक्षरलेखन शिकवीत असत. पुढे कूपरने फ्रेड बर्ट्श या भागीदाराबरोबर जाहिरातींच्या अक्षरांचा आणि जुळणीचा व्यवसाय मांडला. तो मुळात हाताने अक्षरे काढणारा माणूस होता आणि खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, ओतणाऱ्यांनी त्याच्या अक्षरांकडे पाहावे अशी वेळ नंतर आली. पॅकार्ड मोटारींच्या जाहिरातींसाठी त्याने काढलेल्या अक्षरांवरून १९१३ साली एक टंक तयार झालाच होता. शिकागोच्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या ओतशाळेसाठी त्याने आधी कूपर ओल्ड स्टाइल केला आणि मग १९२२ मध्ये त्याचे हे अतिजाड भावंड बाजारात आले.

हा टंक दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आणि दूरचे न दिसणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी आहे, असे कूपर स्वतःच म्हणत असे. जाहिरातदारांना तेव्हा वर्तमानपत्राच्या पानावर ओरडून बोलणारे अक्षर हवे होते. या अक्षराची गंमत अशी की त्याचा आवाज मोठा असूनही त्यात दरडावणी नाही. खांबांचे तळ सपाट नाहीत, किंचित फुगीर आहेत. कोपरा कुठेही नाही. गोल ‘ओ’ची पोकळी सरळ उभी नसून मागे रेलली आहे, त्यामुळे अक्षर जेवून तक्क्याला टेकल्यासारखे वाटते. जाड आणि बारीक रेघांमधला फरकही कमी आहे. लहान अक्षरांची अंगे मोठी आणि वर-खाली जाणारे दांडे आखूड असल्यामुळे ओळी एकमेकींजवळ बसवता येतात.

बेकरीला शोभतो का, असे विचारता? पावाला यापेक्षा जवळचे अक्षर मला तरी सुचत नाही. "जुनाट" म्हणणाऱ्याला म्हणावे, वडिलांनी १९७८ साली ते निवडले तेव्हाच ते छप्पन्न वर्षांचे होते.

वाचनमात्र

एक प्राथमिक शंका आहे, रागावू नये. कूपर ब्लॅक हा सेरिफ टंक आहे असे सगळीकडे वाचतो. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकाशी असणारी ती आडवी पट्टी ना? मला तर यात पट्टी दिसतच नाही.

मेधा क.

शंका योग्य आहे. सेरिफ म्हणजे खांबाच्या टोकाला असलेले पाऊल. टाइम्स रोमनमध्ये ते धारदार आणि स्पष्ट असते. कूपर ब्लॅकमध्ये ते आहे, परंतु खांब इतका जाड झाला आहे की पाऊल त्याच्याबाहेर थोडेसेच डोकावते आणि तेही गोल होऊन. सुजलेल्या पायाचा घोटा दिसेनासा होतो, तसे. लहान ‘एन’ किंवा ‘आय’ मोठा करून पाहा, पाऊल सापडेल.

जुना जुळारी

मी कोल्हापूरला एका छापखान्यात अठरा वर्षे खिळे जुळवले आणि नंतर डीटीपीवर, म्हणजे संगणकावरच्या जुळणीवर, आलो. धाग्याचा विषय माझ्या हाताशी संबंधित असल्यामुळे चार शब्द लिहितो.

आमच्याकडे इंग्रजी मोठ्या खिळ्यांच्या ज्या केसी (खिळे ठेवायची खणांची तबके) होत्या, त्यांतली बारीक पावलांची अक्षरे आधी निकामी होत. खिळा शिशाच्या मिश्रधातूचा असतो. तो हातातून पडला किंवा फर्मा (चौकटीत बसवलेली पानाची जुळणी) आवळताना तिरका दाबला गेला, की पहिल्यांदा नाजूक टोक जाते, मग त्या अक्षराची छपाई दात पडलेल्या माणसासारखी दिसू लागते. गोल कडांच्या जाड खिळ्यांना हे दुखणे कमी होते, कारण तुटण्यासारखे टोकच नव्हते. थोडी झीज झाली तरी ती मूळ आकारात सामावून जात असे. मला वाटते, अशा टंकांचे छापखान्यांत जे प्रेम झाले, त्यात सौंदर्याइतकाच हा किफायतीचाही भाग असावा.

उलट अडचण अशी की जाड अक्षराला शाई फार लागते. ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, एकाच फर्म्यात वर जाड मथळा आणि खाली बारीक मजकूर असला, तर मथळ्यापुरती शाई वाढवली की खालची वेलांटी भरून जायची आणि शाई कमी केली की मथळ्यात पांढरे डाग दिसायचे. आम्ही मथळ्याखाली कागदाचे तुकडे डकवून दाब वाढवत असू. लग्नपत्रिकांच्या हंगामात या एका कारणावरून मालकाशी रोज वाद होत.

तेव्हा तिसरी पिढी यांना एक विनंती आहे. पाटीवर आणि खोक्याच्या दर्शनी बाजूवर कूपर जरूर वापरावा, मात्र पाकिटाच्या मागची घटकपदार्थांची यादी त्यात छापू नये. लहान आकारात त्याच्या पोकळ्या बुजतात आणि मैदा कुठे संपला व साखर कुठे सुरू झाली ते कळत नाही.

बोरूबहाद्दर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन घ्यावा. एकाच टंकात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, अत्यंत ठळक आहे, मथळ्यांसाठीच केलेला आहे आणि खुल्या परवान्याखाली फुकट मिळतो. जोडीचा प्रश्नच मिटला.

मेधा क.

बोरूबहाद्दर, रोझा वन मलाही आवडतो, पण तो कूपरचा सोयरा नाही. किंबहुना स्वभावाने त्याच्या विरुद्ध टोकाचा आहे.

ठळक पावलांच्या टंकांची दोन घराणी आहेत. एक घराणे लंडनमधले, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे. रॉबर्ट थॉर्न आणि त्याच्या काळातल्या ओतशाळांनी तेव्हाच्या आधुनिक अक्षराचे जाड खांब आणखी जाड केले, बारीक रेघा मात्र केसासारख्या बारीकच ठेवल्या. त्यांना फॅट फेस म्हणतात. लॉटरीच्या, नाटकांच्या आणि लिलावांच्या जाहिरातींनी लंडनच्या भिंती या अक्षरांनी भरून गेल्या. पुढे विसाव्या शतकात बोडोनी या टंकाच्या अतिजाड आवृत्त्या निघाल्या, मॅथ्यू कार्टरने व्हिन्सेंट फिगिन्सच्या जुन्या अक्षरांवरून एलेफंट केला आणि २०११ मध्ये टाइपटुगेदरचा अब्रिल फॅटफेस आला. रोझा वन याच घराण्यातला आहे. त्याचा सगळा डौल जाड आणि बारीक यांच्या टोकाच्या विरोधात असतो.

कूपरने नेमका तोच विरोध पुसून टाकला. फॅट फेस इस्त्रीच्या कपड्यांत, काठी टेकीत, ताठ चालतो. कूपर लेंगा-बंडीवर ओट्यावर बसलेला असतो. एका पाटीवर दोघांना उभे केले तर गिऱ्हाइकाला दोन वेगळी दुकाने असल्याचा भास होईल. शिवाय पाटी रस्त्यापलीकडून वाचायची असते. त्या अंतरावरून रोझा वनच्या केसासारख्या रेघा दिसेनाशा होतील आणि मागे नुसते खांब उरतील.

अक्षरशत्रू

लॉटरीची जाहिरात छापून कोणी श्रीमंत झाला का, एवढेच कळावे.

मेधा क.

थट्टेने विचारलेत, पण उत्तर आहे. थॉर्न १८२० साली वारला आणि त्याची ओतशाळा विल्यम थॉरोगुड याने लिलावात घेतली. लॉटरीत लागलेल्या पैशातून त्याने ती घेतली असे सांगतात.

नंदिनी दे.

मी गेली अनेक वर्षे लंडनजवळ राहते, त्यामुळे माझा अनुभव थोडा निराळा आहे आणि तो नोंदवणे आवश्यक वाटते. मेधाताईंना या अक्षरात पाव दिसतो. मला त्यात स्वस्त विमानाचे तिकीट दिसते. इझीजेट ही कंपनी १९९५ पासून नारंगी रंगावर कूपर ब्लॅकच वापरत आली आहे. मी ते अक्षर पाहिले की माझ्या मनात पहाटे चारचा विमानतळ, गुडघ्याला टेकणारी पुढची खुर्ची आणि पैसे देऊन घेतलेला चहा उभा राहतो. माझ्या सासऱ्यांच्या पिढीला त्याच अक्षरात बीबीसीवरची एक जुनी विनोदी मालिका आठवते, कारण ‘डॅड्स आर्मी’ची श्रेयनामावली त्यात होती.

तेव्हा टंकाचा "स्वभाव" म्हणून आपण जे सांगतो ते खरोखर अक्षरात असते का? की ज्या वस्तूंवर ते पुन्हा पुन्हा छापले गेले, त्या वस्तूंचा वास त्याला लागलेला असतो? माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. अमेरिकेत सत्तरच्या दशकात इस्त्रीने चिकटवायच्या टी-शर्टवरच्या अक्षरांत कूपर सर्वत्र होता, त्यामुळे तिकडच्या कित्येकांना तो त्या दशकाचाच टंक वाटतो, जरी तो १९२२ चा असला तरी. आकारातच जर स्वभाव असता, तर प्रत्येकाला तो वेगळा का दिसावा?

शिरोरेषा

नंदिनीताई, तुमचा मुद्दा अर्धा मान्य आहे. वास लागतो हे खरे. पण कोणत्या वस्तू त्या टंकाकडे जातात, हे आकारच ठरवतो. इझीजेटने हे अक्षर का घेतले असेल याचा विचार करा. विमानप्रवास हा टाय लावलेल्या माणसांचा प्रांत होता आणि त्यात शिरताना "आम्ही तसे नाही" असे न बोलता सांगणारे अक्षर त्यांना हवे होते. विनोदी मालिकेने, टी-शर्टने आणि बेकरीने तेच अक्षर उचलले. या सगळ्यांत समान धागा असा की कोणालाही आपण गंभीर आहोत असे वाटवायचे नव्हते. श्रद्धांजलीच्या जाहिरातीत कूपर ब्लॅक पाहिल्याचे आपल्यापैकी कोणाला आठवते का?

आता सत्तरच्या दशकाविषयी. त्याला एक तांत्रिक कारण आहे आणि ते धागाकर्त्याच्या लेट्रासेटच्या पानाशी येऊन मिळते. धातूच्या खिळ्याला भोवती चौकोनी अंग असते, त्यामुळे दोन अक्षरे अंगाला अंग लागेपर्यंतच जवळ येतात, त्यापुढे नाही. साठच्या दशकात घासून उमटवायची अक्षरे आणि फोटोजुळणी (धातूऐवजी फिल्मवर अक्षरे जुळवणे) आली आणि हे बंधन गेले. मग अक्षरे एकमेकांना चिकटवून, एकाच्या कुशीत दुसरे बसवून रचता येऊ लागली. गोल कडांच्या अक्षरांना हे फार चांगले जमते. बीच बॉइजच्या १९६६ मधल्या ‘पेट साउंड्स’च्या वेष्टनावर पाहा, अक्षरे अगदी दाटीवाटीने बसली आहेत. म्हणजे चाळीसएक वर्षे जुन्या टंकाला नव्या तंत्राने दुसरे तारुण्य दिले.

जुना जुळारी

श्रद्धांजलीच्या जाहिरातीचे आठवते. एकदा घाईत मी अशाच गुबगुबीत अक्षरात "दुःखद निधन"वरचे इंग्रजी नाव लावले होते. मालकांनी प्रूफ पाहिले आणि "कै. माणसाचा वाढदिवस आहे का?" असे विचारून फर्मा सोडायला लावला.

फ्लेक्सवाला

माझा पाट्यांचा धंदा आहे, म्हणून व्यवहाराचे बोलतो. कूपर ब्लॅक आम्हाला आवडतो त्याचे पहिले कारण असे की उठावाची ॲक्रिलिक अक्षरे राउटर या कापायच्या यंत्रावर कापताना यंत्राचे पाते गोल फिरते, त्यामुळे आतला काटकोन कधीच नीट निघत नाही, तो थोडा गोल राहतो. टोकदार टंकात हे उघडे पडते आणि मग कारागिराला कानसेने कोपरे काढत बसावे लागते. कूपरमध्ये कोपराच नाही. दुसरे कारण असे की खांब रुंद असल्यामुळे आत एलईडीची पट्टी आरामात बसते आणि उजेड सारखा पसरतो. बारीक रेघेच्या अक्षरात दिवा कुठे ठेवायचा हा रोजचा प्रश्न असतो.

आता सावधगिरीचे सांगतो. दिवसा पाटी उत्तम दिसेल, पण रात्री पेटलेले पांढरे अक्षर डोळ्याला आहे त्यापेक्षा जाड दिसते. कूपरच्या लहान ‘ए’ आणि ‘ई’ची पोकळी मुळातच लहान असते, ती उजेडाने भरून येते आणि लांबून नुसता ठिपका उरतो. मी अशा वेळी दोन गोष्टी करतो. अक्षरांमधले अंतर संगणकावर दिसते त्यापेक्षा थोडे वाढवतो आणि पोकळ्या आतून किंचित कोरून मोठ्या करतो. संगणकावर ते विचित्र दिसते म्हणून गिऱ्हाईक नाराज होते, आणि पाटी चढल्यावर फोन करून आभार मानते. तुमच्या वडिलांची दाटीवाटीची रचना पिशवीवर तशीच ठेवा, पाटीवर मात्र तिला श्वास घेऊ द्या.

मराठीचे मी काय करतो ते विचारू नका. संगणकात जो सर्वांत जाड फॉन्ट असेल तो लावतो आणि गिऱ्हाईक काही बोलत नाही.

शिरोरेषा

फ्लेक्सवाला यांच्या शेवटच्या वाक्यानेच हा धागा मूळ प्रश्नाकडे परत आणला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

देवनागरीत सेरिफ नाही. त्यामुळे "कूपरचा मराठी भाऊ" शोधताना पावले शोधण्यात अर्थ नाही. कूपरचे जे तीन गुण इथे मोजले गेले, म्हणजे बोथट कडा, जाड आणि बारीक यांतला कमी फरक आणि रेललेली पोकळी, तेच मराठी अक्षरात कसे येतील ते पाहावे लागते. पहिले दोन येऊ शकतात. तिसऱ्यापाशी मात्र गाठ आहे.

रुंद टोकाच्या लेखणीने रोमन लिहिताना जाडी डावीकडून वरून उजवीकडे खाली येणाऱ्या तिरप्या रेघेत येते, म्हणून ‘ओ’ची पोकळी डावीकडे रेलते. देवनागरीच्या बोरूचा काप उलटा असतो, त्यामुळे जाडी त्याच्या विरुद्ध तिरक्या रेघेत येते आणि ‘ठ’ किंवा ‘व’ची पोकळी उजवीकडे कलते. म्हणजे बोरूच्या वळणाचा ठळक मराठी टंक कूपरशेजारी ठेवलात तर दोघे एकमेकांकडे पाठ करून बसल्यासारखे दिसतील. यावर उपाय म्हणून देवनागरी उलट्या लेखणीने लिहू नये, ते आपल्या डोळ्याला लगेच खटकते. पोकळी जवळजवळ सरळ ठेवावी, म्हणजे कोणीच रुसल्यासारखे दिसत नाही.

जाडीचा प्रश्न त्याहून अवघड आहे. रोमन अक्षराला फक्त उभे खांब जाड करायचे असतात. देवनागरीत डोक्यावर शिरोरेषा आहे, तिच्यावर मात्रा, वेलांटी आणि रफार आहेत, तळाशी उकार आहे. सगळेच कूपरइतके जाड केले तर अक्षराला राहायला जागाच उरत नाही. शिरोरेषा खांबाइतकी जाड केली, तर पाटीवर आधी एक काळा वासा दिसतो आणि नाव त्याला टांगलेले वाटते. म्हणून अतिजाड देवनागरीत शिरोरेषा खांबांपेक्षा बारीक ठेवावी लागते आणि तरी ती बारीक आहे हे जाणवू द्यायचे नसते. खरी कारागिरी तिथे लागते.

तुमच्या नावात ‘र्णा’ वर जातो, ‘पू’ खाली जातो. म्हणजे मधल्या अक्षराला पट्टीच्या उंचीतला जेमतेम अर्धा-पाऊण भाग मिळणार. इंग्रजी नावातही ‘पी’ खाली उतरतो, पण कूपरमध्ये त्याचा पाय आखूड आहे. त्यामुळे दोन्ही नावांची एकूण उंची सारखी ठेवलीत तर मराठी लहानच दिसेल. शिरोरेषेपासून तळरेषेपर्यंतची मराठी उंची इंग्रजी मोठ्या ‘ए’च्या उंचीइतकी किंवा त्याहून जास्त ठेवा. कायदा आणि डोळा, दोघांचेही समाधान होईल.

बोरूबहाद्दर

माझी रोझा वनची सूचना मी मागे घेतो. मेधाताईंच्या लेंगा-बंडीपुढे इलाज नाही.

मग तयार टंकांत उरतात ते ‘एक टाइप’ या संस्थेचे दोन, मोदक आणि बलू. दोन्ही मुंबईत घडलेले आणि खुल्या परवान्याचे आहेत. मोदक हा गुबगुबीतपणात कूपरच्याही पुढे जातो. त्याच्या पोकळ्या जवळजवळ रेघेएवढ्या उरतात आणि अक्षरे एकमेकांत मिसळलेली असतात. मिठाईच्या खोक्यावर तो फार सुंदर दिसेल, परंतु पाटीवर, तेही दिव्यांत, फ्लेक्सवाला म्हणतात ते संकट दुप्पट होईल. बलू अधिक शहाणा आहे. कडा गोल आहेत, पोकळ्या मोकळ्या आहेत आणि बलू २ या आवृत्तीत जाडीच्या अनेक पायऱ्या मिळतात. त्याची सर्वांत जाड पायरीही कूपरपेक्षा हलकीच भरते, ही एक उणीव.

माझे खरे मत मात्र निराळे आहे. हा प्रश्न आपल्याकडे टंकाने कधी सुटलाच नव्हता, तो हाताने सुटत होता. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावे आठवा. प्रत्येक नाटकाचे अक्षर वेगळे असे आणि नाव वाचण्याआधीच नाटक विनोदी आहे की गंभीर ते कळत असे. कूपर स्वतःही जाहिरातींसाठी हाताने अक्षरे काढणाराच होता, हे मेधाताईंनी वर लिहिलेच आहे. सगळी वर्णमाला कोणाला हवी आहे? तुम्हाला चार अक्षरे हवी आहेत.

नंदिनी दे.

हे पटले. आणि कूपरच्या गुरूची गंमतही इथे सांगण्यासारखी आहे. शिष्याचा टंक एवढा खपू लागला की मोनोटाइप या टंक बनवणाऱ्या कंपनीने १९२५ मध्ये खुद्द गाउडी यांच्याकडून गाउडी हेवीफेस करवून घेतला. गुरूने शिष्याची नक्कल करावी इतकी त्या बाजारात ओढ होती. तरी आज कूपर सगळ्यांना माहीत आहे आणि हेवीफेस आपल्यासारख्या चार जणांना.

जुना जुळारी

‘न्न’बद्दल एक सूचना. आमच्या केसीत ‘न्न’ दोन प्रकारचा असे. एकात एका ‘न’खाली दुसरा, आणि दुसऱ्यात अर्धा ‘न’ शेजारी पूर्ण ‘न’. जाड अक्षरात पहिला प्रकार चुकूनही घेऊ नये, खालच्या ‘न’ची गाठ शाईत बुडते. शेजारचा घ्यावा आणि अर्ध्या ‘न’ची गाठ सरळ भरीव ठेवावी. एवढ्या जाडीत गाठीला पोकळी ठेवण्याचा हट्ट केला तर ती छिद्र पडल्यासारखी दिसते.

अक्षरशत्रू

सतरा प्रतिसाद झाले तरी खारीचा भाव कोणी विचारला नाही. समाजाचे काय होणार.

तिसरी पिढी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण मधल्या काळात काम प्रत्यक्षात सुरू केले.

इंग्रजी नाव कूपर ब्लॅकमध्येच राहणार आहे. वडिलांना मी "जुनाट" हा शब्द सांगितलाच नव्हता, या धाग्यातला १९२२ सालाबद्दलचा मजकूर तेवढा वाचून दाखवला. ते म्हणाले, "मला काही ठाऊक नव्हते, पानावरचे सगळ्यांत जाड अक्षर घेतले, लांबून दिसावे म्हणून." म्हणजे कूपरच्या मनातले गिऱ्हाईक आमच्याच घरी होते.

मराठीसाठी आधी बलू २ लावून पाहिला. चांगला दिसला, पण शेजारी ठेवल्यावर इंग्रजी नाव पावाचे आणि मराठी नाव बिस्किटाचे वाटू लागले, हलके आणि कडक. मग गावातले एक वयस्कर पेंटर, ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी आमची जुनी पाटी रंगवली होती, त्यांना गाठले. शिरोरेषा यांचे उंचीचे गणित आणि जुळारीकाकांची ‘न्न’ची सूचना त्यांना वाचून दाखवली. त्यांनी कूपरचे इंग्रजी नाव समोर भिंतीला लावले आणि ब्रशने चार तास मराठी नाव काढत बसले. शिरोरेषा त्यांनी न सांगताच बारीक ठेवली आणि तिची दोन्ही टोके पावाच्या कडेसारखी गोल केली. ‘पू’चा उकार लांब ओढायला जागा नव्हती, म्हणून तो आखूड करून प-च्या दांड्यालाच फुगवून मिळवला. आता ते चित्र स्कॅन करून फ्लेक्सवाला यांच्यासारख्याच एका व्यावसायिकाकडे कापायला द्यायचे आहे.

एकच ठिकाणी अडलो आहोत. ‘र्णा’चा रफार त्यांनी शिरोरेषेला पूर्ण चिकटवला आहे, कारण कागदावर तो तसा भरदार दिसतो. मला मध्ये बोटभर फट हवी वाटते. पेंटरकाका म्हणतात, फट ठेवली तर रफार उडून जाईल असा दिसेल. काय करावे?

फ्लेक्सवाला

पाटी पेटणारी आहे ना? मग फट ठेवा, बोटभर नको, करंगळीभर. रात्री उजेडाने ती आपोआप भरून येईल आणि काकांचेही म्हणणे राहील.

शिरोरेषा

सहमत. फक्त कापण्याआधी रफाराला मागून वेगळा आधार द्यायला सांगा. फट ठेवली की ते सुटे अक्षर होते, आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्यात पेंटरकाकांचे म्हणणे शब्दशः खरे ठरेल.